सोडून दिलेला मासा

हे मनन सावकाश वाचायचं आहे. घाईत असाल तर बाजूला ठेवा, रात्री जेवणं झाल्यावर घ्या. आणि कधी जमलंच, तर उजनीच्या काठावर बसून वाचा. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागून भिगवण मागे टाकलंत की डाव्या हाताला अधूनमधून पाणी दिसू लागतं. रस्त्यावर डाळज, पळसदेव. आत वळलात तर कुंभारगाव, गंगावळण, कळाशी. कुठेही बसा. सूर्य वर यायच्या आधीची वेळ बरी, कारण संध्याकाळी लावलेली जाळी काढायला गेलेल्या होड्या त्या सुमारास काठाला परतत असतात.

बसलात की लगेच विचाराला लागू नका. आधी पाणी बघा.

डोळ्यांना हे एकच पाणी दिसतं, पण ते एका ठिकाणचं नाही. भीमाशंकरच्या डोंगरातून भीमा आली आहे. देहू-आळंदीची इंद्रायणी तिला तुळापूरला मिळाली. पुणं पार करून आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेत शिरली. शिरूरकडून घोड आली. हे सगळं पाणी खाली माढा तालुक्यात उजनीच्या भिंतीला अडलं आणि मागे मागे पसरत इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जतच्या शिवारांत येऊन थांबलं. धरण १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. काठोकाठ भरला तर सुमारे ११७ टीएमसी पाणी, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त, म्हणजे ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. उन्हाळ्यात इथली माणसं एकमेकांना ‘उजनी मायनसमध्ये गेली का?’ असं विचारतात ते याच मृतसाठ्याच्या हिशेबाने. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती.

पाणी असं ओसरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं. लोक गाड्या करून बघायला जातात, फोटो काढतात. तुम्ही त्या देवळाभोवतीच्या मोकळ्या चिखलाकडे बघा. तिथे गाव होतं. वाडे होते, चावडी होती, काळ्या कसदार जमिनी होत्या. ज्या शेतात ज्वारी उभी राहायची त्या शेतावरून आज मासे पोहत जातात.

आता एक प्रश्न मनात ठेवा आणि उत्तराची घाई करू नका. या पाण्यातला मासा कोणाचा?

पहिलं उत्तर बहुतेकांच्या मनात येतं ते सरकारचा, हे. धरण जलसंपदा विभागाचं, मासळीचा कारभार पाहणारा मत्स्यव्यवसाय विभाग, आणि मासेमारी करायची तर परवाना लागतो. हे उत्तर चुकीचं नाही. पण थोडं थांबलात तर दुसरं येईल. ज्याची जमीन या पाण्याखाली गेली, त्याचा. त्याने ऊस, ज्वारी, विहीर, घर दिलं; त्या बदल्यात पाण्यात जे वाढलं त्यावर त्याचा काहीच हक्क नाही का? आणखी थांबलात तर तिसरं. पिढ्यान्‌पिढ्या भीमेवर जाळं टाकून जगलेल्या भोई-कोळ्यांचा. नदी होती तेव्हाही ते होते, तलाव झाला तेव्हाही तेच पहिले पाण्यात उतरले. आणि मग मन शांत असेल तर एक चौथं उत्तर हळूच वर येतं. पुढच्या वर्षी जो धरायचा आहे, जो अजून अंड्यातून बाहेरही आलेला नाही, तो मासा आज कोणाचाच नाही. त्याच्या बाजूने बोलायला काठावर कुणीही उभं नाही.

या चौथ्या उत्तरापाशी जरा जास्त वेळ बसा. परवाना नावाच्या कागदाचं मूळ मला तिथे दिसतं.

आता नजर काठावरच्या होडीकडे न्या. होडीत जाळ्याचा ढीग आहे. मनातल्या मनात त्यातलं एक जाळं उचला. हाताला ते जवळजवळ वजनहीन लागेल. दोर, बुडवणारी वजनं, तरंगणारे ठोकळे सोडले तर जाळं म्हणजे बहुतेक मोकळी जागा आहे. त्या मोकळ्या चौकटीला मच्छीमार आस म्हणतात. त्या आसात बोट घालून बघा. एक बोट जातं, दोन जातात, की चार? उजनीतल्या कटल्याचं, रोहूचं, मृगळाचं पुढच्या वर्षाचं नशीब या मापावर ठरतं. मोठ्या आसातून पिल्लू निसटतं आणि मोठं व्हायला मोकळं राहतं. बारीक आसाचं ओढजाळं तळ खरवडत आलं तर त्यात बोटभर लांबीची पिल्लं, अंडी भरलेल्या माद्या, ज्यांना बाजारात भावही नाही असे जीव, सगळं एकदमच काठावर येतं. त्यातलं बरंचसं वाळवून किलोवर विकलं जातं. दोन वर्षं वाढून जो कटला चार-पाच किलोचा झाला असता तो मूठभर सुकटीत मोजला जातो.

शेतकऱ्याच्या घरात कणगीतलं बियाणं भुकेच्या दिवसांतही दळायला काढत नसत. बारीक आसाचं जाळं ते बियाणं दळतं.

बसल्या जागी एवढं लक्षात घ्या की नियमाने जपायला सांगितलेली गोष्ट इथे दिसतच नाही. जाळ्यात राहिलेला मासा दिसतो, मोजता येतो, विकता येतो. निसटलेला दिसत नाही. चांगला नियम त्या न दिसणाऱ्या माशासाठी असतो, आणि म्हणून तो पाळणं अवघड जातं. पाळल्याचं फळ डोळ्यांसमोर येत नाही. मोडल्याचा फायदा मात्र त्याच सकाळी हातात पडतो.

इथून मन थोडं लांब न्या. बारामती-इंदापूरला समुद्र नाही, सह्याद्री उतरून जावं तेव्हा तो दिसतो. पण आता त्याहूनही लांबचा, थंड पाण्याचा समुद्र डोळ्यांसमोर आणा. तिथे सॅमन नावाचा मासा आहे. नदीत, वरच्या अंगाच्या थंड वाहत्या पाण्यात तो जन्मतो. थोडा मोठा झाला की समुद्रात जातो, तिथे काही वर्षं वाढतो, आणि अंडी घालायची वेळ आली की त्याच नदीकडे परततो जिथे तो जन्मला. जन्मनदीचा वास त्याला वाट दाखवतो असं अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. नदीच्या मुखाशी येऊन तो किनाऱ्याजवळ घुटमळतो. वर पाऊस पडावा, नदीला पाणी यावं, म्हणजे चढता येईल. त्या दिवसांत माणसं समुद्रकिनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात उभी राहून त्याच्यासाठी गळ टाकतात.

आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या खिशात परवाना असतो. आयर्लंडमध्ये परवान्याबरोबर क्रमांक घातलेल्या पट्ट्या आणि एक नोंदवही मिळते. मासा ठेवायचा तर तो हातात आल्याबरोबर त्याला पट्टी लावायची, वहीत लिहायचं, आणि हंगाम संपला की वही परत करायची. इंग्लंडमध्ये १६ जूनच्या आधी गळाला लागलेला सॅमन सोडावा लागतो, कारण लवकर चढणारे मासे कमी होत गेले. वेल्समध्ये तर २०२० च्या १ जानेवारीपासून नियम आहे की गळाला लागलेला प्रत्येक सॅमन पाण्यात परत जाईल. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलच्या आसपास, जिथे आपल्याकडची कितीतरी मुलं आज नोकरीनिमित्त राहतात, तिथे केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा शेपटीजवळचा एक छोटासा मांसल पर पाण्यात सोडण्याआधीच कापलेला असतो. बऱ्याच ठिकाणी नियम असा की पर कापलेला मासा ठेवता येईल. पर शाबूत असेल तर तो नदीत आपसूक जन्मलेला, त्याला जाऊ द्यायचं. गळाला उलटा दात ठेवायचा नाही, म्हणजे सोडताना तोंड फाटणार नाही.

वेल्समधल्या माणसाकडे लक्ष द्या. त्याने पैसे भरले. गारठ्यात सकाळभर उभा राहिला. अखेर मासा लागला, त्याने तो दमवून जवळ आणला, दोन्ही हातांनी पाण्यातच धरला, आणि हात उघडले. मासा गेला. मग त्याने पैसे कशाचे भरले?

हा प्रश्न सोडवू नका. फक्त हात उघडण्याचा तो क्षण मनात धरून ठेवा.

मला जे सुचतं ते सांगतो, तुम्हाला वेगळं सुचलं तर ते ठेवा. त्याने हिशेबात आपलं नाव लिहवून घेतलं. परवाना घेतलेला माणूस मोजता येतो, त्याने धरलेला मासा मोजता येतो, सोडलेलाही मोजता येतो. किती माणसं धरतात आणि किती मासे धरतात हे कळल्याशिवाय किती उरले हे कळत नाही, आणि किती उरले हे कळल्याशिवाय पुढच्या वर्षी किती धरावेत हे सांगता येत नाही. बिनपरवान्याने काढलेला मासा तलावातून जातो तसा हिशेबातूनही जातो. आपल्याकडे परवाना ही बहुतेकदा पावती समजली जाते: पैसे भरले, आता अडवायचं नाही. त्या कागदाचा मोठा अर्थ तिथेच हरवतो. परवाना घेणारा पाण्याला सांगत असतो की मी इथे येतो, मी एवढं घेतो, आणि एवढं ठेवतो.

हक्काचा प्रश्न त्या लांबच्या देशातही सुटलेला नव्हता. वॉशिंग्टनमध्ये तिथल्या आदिवासी जमातींनी १८५० च्या दशकात सरकारशी करार करून जमिनी दिल्या आणि आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे शंभरेक वर्षं त्याच लोकांना त्याच नद्यांवर मासेमारीबद्दल पकडलं गेलं. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या सॅमनपैकी निम्म्यावर त्या जमातींचा हक्क आहे. जमीन दिलेल्या माणसाचा पाण्यावरचा हक्क कसा मोजायचा, हा पळसदेवचाही प्रश्न आहे. तिथला निकाल इथे जसाच्या तसा लागू होणार नाही, पण परवाने देताना पहिला विचार धरणग्रस्तांचा आणि पारंपरिक मच्छीमारांचा व्हावा असं मला मनापासून वाटतं. ज्याची पुढची पिढी याच काठावर राहणार आहे, तो पाण्याला ओरबाडण्याआधी दोनदा विचार करण्याची शक्यता जास्त.

आता परत या. उजनीच्या काठावर, भीमेच्या पाण्याशी. इथेही एक असा मासा होता जो पावसाळ्यात पाण्याच्या उलट वर चढायचा.

१८३९ साली कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दख्खनमधल्या नोकरीत त्याने इथली जमीन, पिकं, पक्षी, मासे टिपून ठेवले होते. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेला एक महाशीर होता. त्याला त्याने जे नाव दिलं त्यात मराठी कोळ्यांच्या तोंडचं खुद्री आहे. आजही शास्त्रात तो टॉर खुद्री या नावानेच ओळखला जातो. जगातल्या अभ्यासकांनी या माशाबद्दल बोलायचं झालं तर मूळ ठिकाण म्हणून पुण्याच्या खालच्या मुळा-मुठेचं नाव घ्यावं लागतं. तेच पाणी पुढे तुमच्या समोर येऊन थांबलं आहे.

त्या पाण्याचा वास घ्या. वारा तिकडून असेल तर कळेल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी याच नद्यांतून इथवर येतं. खुद्रीला हवं तसं स्वच्छ, वाहतं, खडकाळ पाणी पुण्याच्या खालच्या अंगाला आता उरलेलं नाही. लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवली आणि देशभरच्या पाण्यांत सोडली, हे मोठं काम झालं. पण जिथून त्याचं नाव निघालं त्या पाण्यात त्याला परत आणण्यासाठी पिल्लं पुरत नाहीत, नदी लागते.

इथे मनात एक अस्वस्थता येऊ द्या, ती झटकू नका. काठावरच्या मच्छीमाराकडे जाळ्याच्या आसाचं माप विचारलं जातं. वरच्या शहराकडे कोणतं माप विचारलं जातं? मैलापाण्याने गढूळलेल्या डोहात ज्यांचा श्वास कोंडतो त्या माशांची मोजणी कोणत्या नोंदवहीत होते? परवान्याची सक्ती करायची तर ती पाण्यात हात घालणाऱ्या प्रत्येकावर हवी, आणि सर्वांत आधी जो सर्वांत जास्त बिघडवतो त्याच्यावर. हे मत मी सौम्य करून मांडणार नाही.

आता थोडं मागे, कायद्याच्या आधीच्या काळात जाऊ या. परवाना नव्हता तेव्हाही महाराष्ट्रात मासे राखले जात होते. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवी आहे, आणि डोहातले महाशीर देवीचे मानले जातात. माणसं त्यांना खायला घालतात, धरत नाहीत. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासेही असेच राखलेले आहेत. विचार करा, एखादा सबंध डोह न धरण्यासाठी ठेवला तर काय होतं? मोठ्या, जुन्या, लाखांनी अंडी देणाऱ्या माद्या तिथे टिकतात, आणि पुराबरोबर त्यांची पिल्लं खाली जातात. आज शास्त्रज्ञ ज्याला राखीव क्षेत्र म्हणतात ते इथल्या माणसांनी श्रद्धेने राखलं. डोहात जाळं टाकणाऱ्याला पोलिसाची भीती नव्हती, गावाची आणि देवीची होती. तसा धाक आता सरकारी कागदात आणायचा म्हटलं तर तो फक्त दंडाच्या रकमेने येणार नाही.

आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि बारामती, इंदापूर करत पंढरपूरला जाते. दिवस तेच, जून-जुलैचे, पहिल्या पुराचे. इंद्रायणीचं पाणीही त्याच दिवसांत इकडे येतं. आणि नदीतले मासेही त्याच दिवसांत चढू लागतात. वारकरी रस्त्याने खाली उतरतात तेव्हा मासा अंडी घालायला प्रवाहात वर जातो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते ती याच कारणाने; नारळी पौर्णिमेआधी समुद्रात जायचं नाही ही कोळ्यांची रीत त्या बंदीहून कितीतरी जुनी. किनाऱ्यावर आता किमान मापाचाही नियम आहे: १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरू नये. सागरी मासेमारीचा राज्याचा कायदा १९८१ चा. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला बंदी करणारा देशाचा कायदा तर १८९७ चा आहे, म्हणजे नियम आपल्याला नवे नाहीत. नव्याने लागते ती त्यांच्यावरची निष्ठा.

श्वास सावकाश होऊ द्या. आता तलावाच्या आतल्या गोष्टीकडे वळू या, कारण नियम का हवा हे माशाच्या जगण्यातून कळतं.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेतल्या गंगेच्या नद्यांचे मासे. इथे माणसाने आणून सोडले. ते पावसाळ्यात वाहत्या पुरात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात तळ्यात ठेवले तर मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बाहेर टाकत नाही. म्हणून पूर्वी नदीतून पिल्लं गोळा करून आणावी लागत. १९५७ च्या १० जुलैला डॉ. हीरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात कार्प माशांकडून अंडी घालवून घेतली. आज बारामती-इंदापूरच्या शेततळ्यांत जे मत्स्यबीज येतं त्याची सुरुवात त्या दिवशी झाली. १० जुलै हा म्हणून राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. शेततळ्याच्या मालकाला नियम शिकवावा लागत नाही. बीज त्याने विकत आणलं, खाद्य त्याने घातलं, बोटभर मासा तो कधीच काढणार नाही. तलाव सगळ्यांचा असतो, तिथे हाच शहाणपणा एकट्याने पाळला तर सोडलेला मासा शेजारी उचलून नेतो. सगळ्यांनी मिळून पाळायचा म्हणून तिथे परवाना लागतो.

उजनीत सगळ्यात जास्त दिसणारी चिलापी वेगळ्या स्वभावाची. तिचं मूळ कूळ आफ्रिकेचं. भारतात ती पहिल्यांदा १९५२ साली आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात धरून ठेवते, पिल्लं बाहेर पडली तरी धोका दिसताच त्यांना परत तोंडात घेते. काही महिन्यांत ती स्वतः वयात येते. पुराची वाट तिला बघावी लागत नाही, मैलापाण्याचाही तिला फारसा त्रास होत नाही. त्यामुळे कटला-रोहू कमी होत गेले तिथे ती पसरली. भिगवणच्या ढाब्यांवर तळलेली चिलापी खायला लांबून लोक येतात, आणि ती चवीला चांगली असतेच. हजारो घरांची चूलही तिच्यावर पेटते. पण तलावात एकच मासा उरणं हे तलावाच्या प्रकृतीचं लक्षण आहे. वाम, मरळ, शिवडा, आहेर ही नावं म्हातारे मच्छीमार घेतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. परदेशी मांगूरवर तर देशात बंदी आहे, तरी त्याची तळी उजनीच्या काठावर निघाली आणि ती उद्ध्वस्त करावी लागली. एकदा तो पाण्यात निसटला की कोणताही परवाना त्याला परत बोलावू शकत नाही.

होड्या आता काठाला लागल्या असतील. पाट्या उतरत असतील. त्यांच्याकडे बघा, आणि या क्षणी उपदेश करू नका. रात्री वाऱ्याने जाळं गुंतलं असेल. होडीचं कर्ज असेल, जाळ्याचं वेगळं. लिलावात भाव पडला असेल. २०२४ च्या मे महिन्यात कळाशी आणि कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा माणसं गेली. याच पाण्यावर हे लोक रोज जातात. त्यांनी बारीक जाळं टाकू नये असं म्हणायचं असेल तर बंदीच्या काळात त्यांच्या घरात काय शिजेल, हेही त्याच वाक्यात म्हणावं लागतं. कुंभारगावचे काही मच्छीमार हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून रोहित पक्षी दाखवतात. जिवंत तलाव ज्याला दुसरं काम देतो त्याला तो जिवंत ठेवणं परवडतं. असं आणखी कुणाकुणाला परवडावं, यावर शासनाने, बाजार समित्यांनी आणि आपण खाणाऱ्यांनी विचार करायला हवा.

खाणाऱ्यांनी, हो. आता मनात ताट आणा. चिलापीचा तुकडा, कटल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. या ताटापर्यंत मासा आला त्या वाटेवर जाळं टाकणारा एक, लिलाव करणारा एक, व्यापारी एक, ढाबेवाला एक, आणि शेवटी तुम्ही. परवाना त्यातल्या फक्त पहिल्याकडे मागितला जातो. पण पहिला माणूस बोटभर पिल्लं तेव्हाच काढतो जेव्हा शेवटचा माणूस ती घेतो. हा कागद तुमच्याकडे कुणी कधीच मागणार नाही. तरी तो तुमच्याजवळ असावा, आणि त्यावर काय लिहिलेलं असावं हे तुम्हीच ठरवायचं आहे. वेल्समधल्या माणसाचे उघडे हात आठवा आणि ठरवा.

मी माझ्यापुरतं ठरवलेलं सांगतो. भिगवणला किंवा इंदापूरच्या मासळी बाजारात गेलात तर पूर्ण वाढलेला मासा मागा. कटला-रोहूची बोटभर पिल्लं कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते विकणाऱ्याला आदराने, पण स्पष्ट सांगा. आषाढ-श्रावणात नदीतला अंडी भरलेला मासा मिळतो म्हणून खास जाऊ नका. तुमच्या घरचा कुणी पुण्यात राहत असेल तर त्याच्या वॉर्डातलं सांडपाणी प्रक्रिया होऊन नदीत जातं का, हे त्याला नगरसेवकाला विचारायला लावा. आणि तुम्ही स्वतः उजनीत गळ किंवा जाळं टाकणार असाल, तर आधी परवाना काढा, आसाचं माप बघा, लहान निघालेला मासा जिवंत असतानाच पाण्यात सोडा.